स्मृतिवर्धक मागणाऱ्या पालकांस काय सांगावे?
(शिष्यवृत्ती परीक्षेच्या उजळणीविषयी)

डिसेंबर सरत आला की आपल्या चिकित्सालयांत आणि औषधी दुकानांत एक मागणी हमखास वाढते. पालक येतात, सोबत नऊ-दहा वर्षांचे मूल असते किंवा नसतेही, आणि तक्रार ठरलेली असते : ‘‘डॉक्टर, शिष्यवृत्तीची परीक्षा आली आहे. पाठ करतो, पण लक्षात राहत नाही. बुद्धीसाठी काहीतरी चांगलं द्या.’’ शंखपुष्पीची सिरपे, ब्राह्मीच्या वट्या, सारस्वतारिष्ट यांची मांडणी याच दिवसांत दर्शनी फडताळावर येते. व्यवसायाच्या दृष्टीने हा हंगाम आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि या मागणीस आपण जे उत्तर देतो ते शास्त्राला धरून असते काय, आणि त्या मुलाच्या उपयोगाचे असते काय, याचा विचार आपल्या व्यासपीठावर व्हावयास हवा असे आम्हांस वाटते.

प्रथम परीक्षेविषयी थोडे, कारण पालकांशी बोलावयाचे तर तिचे स्वरूप ठाऊक असणे आवश्यक आहे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे ही संस्था ती घेते. अनेक दशके ही परीक्षा चौथी व सातवीच्या विद्यार्थ्यांसाठी होती. २०१६-१७ पासून ती पाचवी व आठवीला होऊ लागली, आणि २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी-सातवीकडे नेण्याचा निर्णय घेतला. पाचवीसाठी जो आराखडा रूढ झाला त्यात दोन पेपर आहेत. पहिला प्रथम भाषा व गणिताचा, दुसरा इंग्रजी व बुद्धिमत्ता चाचणीचा. प्रत्येकात ७५ प्रश्न, १५० गुण आणि ९० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नास सरासरी ७२ सेकंद. प्रश्न वाचावयाचा, चार पर्याय पाहावयाचे, कच्चे काम करावयाचे आणि उत्तरपत्रिकेवरील नेमके वर्तुळ रंगवावयाचे, हे सारे एवढ्या अवधीत. मोठ्यांचाही घाम निघेल, मग नऊ-दहा वर्षांच्या मुलाची गोष्ट वेगळी काय सांगावी?

आता आपल्या औषधांकडे वळू. चरकाचार्यांनी रसायनाध्यायात मेध्य म्हणून मण्डूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी यांचा उल्लेख केला आहे, हे सर्वांस मुखोद्गत आहे. परंतु ही द्रव्ये रसायन म्हणून सांगितलेली आहेत, आणि रसायनास काल लागतो हे आपण रुग्णांस एरवी आवर्जून सांगतो. केवळ परीक्षेच्या हंगामात ते आपल्या विस्मरणात का जावे? नीरब्राह्मीवर ऑस्ट्रेलियात झालेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निरोगी प्रौढांना रोज ३०० मि.ग्रॅ. सत्त्व देण्यात आले व परिणाम मुख्यत्वे १२ आठवड्यांच्या शेवटी दिसून आला. बारा आठवडे, आणि तेही प्रौढांत. फेब्रुवारीतील परीक्षेसाठी जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात नेलेली बाटली त्या परीक्षेपुरते काही करील, असे छातीठोकपणे सांगण्यास आधार नाही. (ब्राह्मी म्हणून आपल्या बाजारात नीरब्राह्मी मिळते की मण्डूकपर्णी, हा वाद वेगळाच, त्यावर स्वतंत्र लेख व्हावा.)

मग त्या पालकांस रिकाम्या हाती परत पाठवावयाचे काय? मुळीच नाही. त्यांना एक प्रश्न विचारावा : ‘‘मूल उजळणी करते म्हणजे नेमके काय करते?’’ याचे उत्तर बहुधा एकच मिळते. धडा पुन्हा वाचते, मार्गदर्शक पुस्तकातील सोडविलेली उदाहरणे पुन्हा पाहते, आई शेजारी बसून वाचून घेते. थोडक्यात, जे एकदा डोळ्यांखालून गेले ते पुन्हा डोळ्यांखालून घालणे. आमच्या मते दुखणे येथे आहे. ते मेंदूच्या दौर्बल्यात शोधण्याचे कारण नाही.

शारीरस्थानाच्या पहिल्याच अध्यायात, कतिधापुरुषीयात, चरकाचार्यांनी स्मृतीची आठ कारणे सांगितली आहेत : निमित्त, रूपग्रहण, सादृश्य, सविपर्यय, सत्त्वानुबंध, अभ्यास, ज्ञानयोग आणि पुनःश्रुत. पदवी परीक्षेपुरती पाठ केलेली ही यादी आज पालकांशी बोलताना फार उपयोगी पडते. पुन्हा ऐकणे हे या आठांतील एक, आणि तेही शेवटचे. विसरलेल्या विषयाचा एखादा अंश कानी पडला की उरलेले आठवते, असा त्याचा अर्थ टीकाकार लावतात. म्हणजे तेथेही संपूर्ण धडा पुन्हा गिरवणे अभिप्रेत नाही. एक धागा मिळतो, बाकीचे मनाने स्वतः ओढून काढावयाचे असते. आपल्या घरांतील उजळणी मात्र आठांपैकी एकाच कारणावर, आणि त्याच्याही चुकीच्या अर्थावर उभी असते.

आधुनिक मानसशास्त्र याच ठिकाणी वेगळ्या वाटेने पोहोचले आहे. अमेरिकेतील रोडिगर व कार्पिके यांचा २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग यासाठी जाणून घेण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचावयास दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी तो बाजूस ठेवून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने मात्र चित्र उलटले : आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के मजकूर आठवला, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. पुन्हा वाचण्याने त्या क्षणी ‘येते’ असे वाटते, आणि ही फसगत मुलाची होते तशीच शेजारी बसलेल्या आईचीही होते. रात्री घडाघडा म्हणून दाखविलेले आठवड्याने कोठे जाते, हे तिला उमगत नाही. मग ती औषधासाठी आपल्याकडे येते.

हा प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचा होता. कार्पिके व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे २०१४ मध्ये प्राथमिक शाळेतील मुलांविषयी जे मांडले ते आपल्या कामाचे आहे. लहान मुलाला कोरा कागद देऊन ‘आठवेल ते लिही’ म्हटले तर त्याला फारच थोडे आठवते आणि ते हिरमुसते. त्याला आधाराचे प्रश्न, गाळलेल्या जागा, एखादा अर्धा आराखडा दिला की काम होते. पुनःश्रुताचा टीकाकारांनी लावलेला अर्थ याहून निराळा आहे काय?

तेव्हा पालकांस सांगावयाची पहिली गोष्ट ही की, उजळणीच्या वेळी पुस्तक मुलाच्या हातात नको, पालकांच्या हातात हवे. पालकांना विषय आला पाहिजे असेही नाही. आठवी शिकलेली आजीसुद्धा पुस्तकातील प्रश्न वाचून दाखवू शकते आणि उत्तर मागील पानावर ताडून पाहू शकते. मूल अडले की लगेच उत्तर सांगू नये. दहा-पंधरा सेकंद थांबावे, मग एखादा शब्द सुचवावा, तरीही न आल्यास उत्तर दाखवावे आणि तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावा. त्या दहा-पंधरा सेकंदांत मूल जे करते, त्याला उजळणी म्हणावयाचे. बहुतेक पालकांना ती शांतता सहन होत नाही, हा आमचा अनुभव आहे.

येथे परवचाची आठवण अपरिहार्य आहे. दिवेलागणीस घरोघर पाढे म्हटले जात. आपल्यातील ज्येष्ठांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आजही येते. या पद्धतीचे मोठे बळ तिच्या नित्यतेत होते. एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखविले की, शिकलेले प्रारंभी झपाट्याने विसरले जाते आणि अंतराअंतराने केलेल्या आवृत्त्या एकदम केलेल्या आवृत्त्यांहून अधिक टिकतात. एकाच रविवारी अपूर्णांकांवर चार तास घालविण्यापेक्षा तेच चार तास महिन्यात आठ वेळा अर्ध्या-अर्ध्या तासाने विभागावेत. आज झालेला घटक उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिनाअखेर. दिवस नेमके हेच हवेत असे नाही. मधले अंतर वाढत जावे इतकेच.

परवचातील एक उणेपण मात्र प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पाढा क्रमाने म्हणावयाची सवय झालेले मूल ‘सात आठे’ विचारले की सात एकेपासून निघते आणि छप्पनपर्यंत चालत येते. ७२ सेकंदांच्या हिशेबात ही पायपीट परवडत नाही. म्हणून पाढे मधूनच विचारावेत, उलटे विचारावेत : छप्पन कोणकोणत्या पाढ्यांत येतात? त्रेसष्टला कोणत्या संख्यांनी भाग जातो? सादृश्य आणि सविपर्यय ही दोन कारणे येथे आपोआप कामास येतात. समानार्थी व विरुद्धार्थी शब्द, लिंग-वचन, म्हणी यांचीही उजळणी अशीच, चिठ्ठ्या करून आणि त्या पिसून.

गणिताच्या बाबतीत पालकांची आणखी एक पद्धत मुलाच्या मुळावर येते. भागाकाराची वीस उदाहरणे एका दमात, मग नफा-तोट्याची वीस. पाचव्या उदाहरणानंतर मूल प्रश्न वाचतच नाही; भागावयाचे आहे हे त्याला वाचण्यापूर्वीच ठाऊक असते. परीक्षेत प्रश्नाच्या माथ्यावर घटकाचे नाव लिहिलेले नसते. कोणती रीत वापरावयाची हे ओळखणे हीच अर्धी परीक्षा. तेव्हा घटक एकदा समजला की पुढील सरावात उदाहरणे मिसळून द्यावीत. प्रारंभी चुका वाढतील, गुण घसरतील, पालक घाबरतील. त्यांना हे आधीच सांगून ठेवावे.

सुश्रुताचार्यांचा योग्यासूत्रीय अध्याय आपणांस नव्याने सांगावयास नको. शास्त्र सर्व पढलेला शिष्यही योग्या केल्यावाचून कर्मास अयोग्य, म्हणून कोहळा, दुधी, कलिंगड यांवर छेदनाचा आणि पाण्याने भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर भेदनाचा सराव त्यांनी सांगितला. मुलाच्या सराव प्रश्नपत्रिका म्हणजे त्याचा कोहळाच. त्या घड्याळ लावून, ९० मिनिटे न उठता, वर्तुळांच्या उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्सवरच सोडवून घ्याव्यात. पुष्कळ मुले उत्तर वहीत लिहिण्याचा सराव करतात आणि परीक्षेत प्रथमच वर्तुळ रंगवतात. एक प्रश्न सोडला आणि त्याचे वर्तुळ सोडावयाचे राहिले, की पुढील सर्व उत्तरे एकेक ओळ सरकतात. दर पाच प्रश्नांनी क्रमांक ताडून पाहण्याची सवय याला पुरेशी आहे. पहिल्या फेरीत येणारे प्रश्न सोडवावेत, अडलेल्यांवर खूण करून पुढे जावे, दुसऱ्या फेरीत परतावे.

परंतु प्रश्नपत्रिकांची रास उपसण्यात काही मतलब नाही. शिकवणीवर्गांत आठवड्यास पाच-सहा पत्रिका सोडवून घेतल्या जातात. गुण फलकावर लागतात आणि पुढची पत्रिका हाती येते. निदानाविना चिकित्सा करणाऱ्या वैद्यास आपण काय म्हणतो? प्रत्येक पत्रिकेनंतर चुकांची वही उघडावी. चूक कशामुळे झाली हे मुलानेच सांगावे : मुळात ठाऊक नव्हते, ठाऊक होते पण आठवले नाही, प्रश्न नीट वाचला नाही, की आकडेमोडीत हात घसरला. चारही ठिकाणी उपाय निराळा आहे. ‘खालीलपैकी कोणते विधान अयोग्य आहे’ यातील ‘अयोग्य’ शब्द घाईत सुटणाऱ्या मुलास धडा पुन्हा वाचावयास लावून काय होणार? त्याला नकारदर्शक शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारण्याची सवय लावावी. आम्ही अशा वह्या पाहिल्या आहेत. ‘याच्या लक्षात राहत नाही’ म्हणून आणलेल्या मुलाच्या वहीत कित्येकदा न आठवलेले थोडे आणि न वाचलेलेच अधिक असते.

बुद्धिमत्ता चाचणीचा पालकांना विशेष धसका असतो, कारण तिचे शालेय पुस्तक नाही. वास्तविक घरगुती वस्तूंनी तिची तयारी उत्तम होते. आरशातील प्रतिमेचे प्रश्न आरसा समोर ठेवून, दिशांचे प्रश्न अंगणात उभे राहून, घड्याळाचे प्रश्न जुन्या घड्याळाचे काटे फिरवून. दिनदर्शिकेच्या प्रश्नांसाठी भिंतीवरची दिनदर्शिका काढून द्यावी आणि साध्या वर्षाचा पहिला व शेवटचा दिवस एकाच वारी का येतो, हे मुलालाच शोधू द्यावे. ३६५ म्हणजे ५२ आठवडे आणि वर एक दिवस, हे त्याने स्वतः शोधले की लीप वर्षाचे गणित त्याला सांगावे लागत नाही. ज्ञानयोग तो हाच.

आता आपल्या अधिकारातील विषयाकडे, म्हणजे निद्रेकडे येऊ. ब्राह्म मुहूर्ती उठण्याचा उपदेश आपण सारेच करतो आणि परीक्षेच्या काळात पालक तो उत्साहाने अमलात आणतात. रात्री अकरापर्यंत शिकवणीचा गृहपाठ आणि पहाटे चारला गजर. पाच तासांची झोप! आपल्या शास्त्राने निद्रेस त्रयोपस्तंभांत स्थान दिले. सुख-दुःखाप्रमाणेच ज्ञान आणि अज्ञानही निद्रेच्या अधीन आहे असे चरकाचार्य सांगतात. अमेरिकेतील निद्राचिकित्सकांच्या संघटनेने २०१६ मध्ये सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ ते बारा तास झोप सांगितली आहे. मूल साडेआठला निजत असेल तर त्याने पहाटे साडेपाचला अवश्य उठावे. अकराला निजणाऱ्या मुलाला चारला उठविणे हे दिनचर्येच्या नावाखालील जागरण होय, आणि वैद्याने त्यास संमती देऊ नये. दिवसभरात शिकलेले झोपेत स्थिर होते, हे आता सर्वमान्य आहे. तास वाचवावयाचेच असतील तर ते दूरचित्रवाणी व मोबाइलच्या वाट्यातून वाचवावेत.

काही मुलांच्या बाबतीत मात्र ‘लक्षात राहत नाही’ ही तक्रार खरीखुरी व्याधी दर्शविते, आणि ती हुडकणे हे आपले काम. फळ्यावरचे अक्षर दिसत नसलेले मूल, कानात मळ किंवा स्राव असलेले मूल, कृमी व पांडुतेने मलूल झालेले मूल, गिलायू वाढल्याने रात्री तोंड उघडे ठेवून घोरणारे मूल. नेत्र, कर्ण, नाडी, नखे, जिभेचा वर्ण न पाहता बाटली देणे अक्षम्य आहे. बोलण्यात चुणचुणीत, पण वाचताना सतत अक्षरांची अदलाबदल करणारे मूल अध्ययन-अक्षमतेच्या तपासणीसाठी योग्य केंद्राकडे पाठवावे. चाचणीच्या दिवशीच सकाळी पोट दुखणाऱ्या मुलास पाचक देण्यापूर्वी घरात त्याच्या गुणांवरून काय बोलले जाते याची चौकशी करावी.

औषधी दुकानदार बंधूंस दोन शब्द. मेध्य कल्प विकू नयेत असे आमचे म्हणणे नाही. अग्नी, कोष्ठ व वय पाहून वैद्याने योजलेला कल्प दीर्घकाळ घेतल्यास त्याचे स्थान आहेच. परंतु ‘परीक्षेत हमखास यश’ अशा आशयाचा फलक लावण्यापूर्वी औषध नियमांतील अनुसूची ‘जे’ पाहावी. औषधांविषयी जे दावे करू नयेत त्यांच्या यादीत मेंदूची क्षमता वाढविणे व स्मरणशक्ती सुधारणे यांचाही अंतर्भाव आहे. सारस्वतारिष्ट हे अरिष्ट असल्याने त्यात स्वयंजनित मद्यांश असतो. लहान मुलासाठी ते वैद्याच्या चिठ्ठीवाचून देऊ नये. सिरपांतील साखरेचे प्रमाण मधुमेही आजोबा विचारतात, नातवासाठीही विचारावयास हवे. बाटलीसोबत एक अर्ध्या पानाचे छापील पत्रक द्यावे : पुस्तक मिटून प्रश्न, अंतराने आवृत्ती, मिसळलेली उदाहरणे, चुकांची वही, नऊ तास झोप. छपाईचा खर्च किरकोळ आहे आणि ते पत्रक घेऊन जाणारा पालक पुढील वर्षी धाकट्यास घेऊन आपल्याकडेच येईल.

परीक्षेच्या दिवसाविषयी विचारणा हमखास होते. आदल्या रात्री नवा घटक नको, दही नको, जडान्न नको. चुकांची वही तेवढी चाळावी आणि वेळेवर निजावे. सकाळी मुलाच्या सवयीचेच खाणे द्यावे, उपमा किंवा मऊ भात-तूप. कोणतेही औषध त्या दिवशी प्रथमच देऊ नये, मग ते कितीही सौम्य असो. निघताना तळहातावर दही-साखर ठेवण्याची आजीची इच्छा मोडू नये, चमचाभराने कफ होत नाही. दोन्ही पेपर एकाच दिवशी असल्याने मधल्या सुटीचा डबा हलका असावा, पाण्याची बाटली घरची असावी. आणि त्या सुटीत फाटकाशी उभे राहून पहिल्या पेपराची उत्तरे ताडण्याची जी पद्धत आहे, ती पालकांनी कटाक्षाने टाळावी. इंग्रजी व बुद्धिमत्तेचे ७५ प्रश्न अजून व्हावयाचे असतात.